वत्सलाबाईंनी घडवलेली शांतता

ज्येष्ठमधाची कांडी जिभेवर ठेवली की आजही माझे दोन्ही हात आपोआप गुडघ्यांवर येतात आणि पाठ ताठ होते. औषधांच्या दुकानात त्या पिवळसर कांड्यांचा नुसता वास आला, तरी एक जुना धाक जागा होतो. साऱ्या जगाचा खोकला ज्या गोडीने शमतो, त्या गोडीने मी भिऊन बसायला शिकले. शिकवणाऱ्या होत्या वत्सलाबाई शेवडे.

भिलाई तेव्हा गाव नव्हते; तो एक अखंड चाललेला आवाज होता. मुरमाड माळावर पोलाद कारखान्याचे लोखंडी सांगाडे उभे राहत होते आणि दिवसभर कुठे ना कुठे कुणीतरी जमिनीच्या छातीत खांब ठोकत असे. रिव्हेट ठोकणाऱ्या हातोड्या, क्रेनचे किंचाळणे, पाळी बदलल्याचा भोंगा, ट्रकांची घरघर. सेक्टर सहामधल्या आमच्या क्वार्टरांच्या भिंतींना अजून कच्च्या चुन्याचा वास येई. उशीवर, कणकेत, केसांच्या मुळांशी तांबडी धूळ असे. दिवसभर ओरडून बोलावे लागे म्हणून माणसे घरीही ओरडूनच बोलत. नवराबायकोचे लाडिक बोलणेसुद्धा शेजारच्या क्वार्टरात भांडणासारखे ऐकू येई. अशा ठिकाणी शांतता हवी असेल तर ती पोलादासारखीच तयार करावी लागणार होती. वत्सलाबाईंनी ती तशीच केली. तापवून आणि ठोकून.

त्या आमच्या शाळेत गाणे शिकवत. मी त्याच शाळेत मराठी शिकवायला अमरावतीहून नुकतीच आले होते. बाई मूळच्या रायपूरच्या, तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातल्या. उंच, सुकलेल्या, पात्यासारख्या बारीक. त्यांची चप्पल वाजत नसे. निऱ्या सळसळतात म्हणून त्या पातळाला खळ घालत नसत. हसत त्या क्वचित, आणि हसल्या तर दातांनी हसत. ओठ त्यात सहभागी होत नसत.

गावात संगीतसभा सुरू केली ती त्यांनीच. कलकत्त्याकडे जाणारे गवई, वादक दुर्ग स्टेशनावर उतरवून घ्यायचे, शाळेच्या पत्र्याच्या लांबट हॉलमध्ये त्यांना बसवायचे. सुट्टीच्या दिवशी सकाळी, नाही तर पाळी सुटल्यावर संध्याकाळी. माणसे तुडुंब येत. साऱ्या देशातून येऊन पडलेल्या त्या माणसांना दुसरे होते काय? इंजिनियर येत, त्यांच्या बायका येत, भंडारा-बालाघाटकडची शेती सोडून आलेले वेल्डर आणि फिटर येत, आणि साऱ्यांना दारातच बाई भेटत.

दारात एका बाकावर दोन परड्या असत. एकीत जुन्या धोतरांच्या फाडलेल्या मऊ पट्ट्या, दुसरीत ज्येष्ठमधाचे तुकडे. “बांगड्या निजवा,” बाई म्हणत. मग प्रत्येक स्त्रीने मनगट पुढे करायचे. बाई बांगड्यांवर पट्टी गुंडाळत, गाठ मारत आणि गाठ मारल्यावर मनगट एकदा हलवून पाहत. हिरव्या चुड्याच्या एका नवऱ्या मुलीचे हात त्यांनी इतके करकचून बांधले होते की बोटांची टोके फिकट पडली. ज्येष्ठमध पुरुष, स्त्री, पोर, साऱ्यांना. खोकला असो वा नसो, तुकडा गालात ठेवायचा आणि गाणे संपेपर्यंत चोखायचा, चावायचा नाही. आत शिरताच घामाच्या आणि चुन्याच्या वासावर तो दाट, मातकट गोड वास पसरलेला असे. शेकडो गालांत एकाच वेळी विरघळणारी ती गोडी! मला कधीकधी वाटे, हॉललाच लाळ सुटली आहे.

आणि त्यांचे बोट. आत कुणी कुजबुजले, कुणी पाय बदलला, कुणी मान जरा जास्त डोलावली, की पहिल्या रांगेतून बाई नुसती मान वळवत आणि उजव्या हाताची तर्जनी गालाशेजारी उभी करत. ओठांवर नाही, गालाशेजारी. त्या बोटाकडे पाहताना असे वाटे की आपले नाव कुणीतरी फळ्यावर लिहिले आहे. दुसऱ्या दिवशी बाजारात भाजी घेताना पहिला प्रश्न तोच असे, “कोनाले बोट भेटलं काल?” ज्याला भेटले असेल तो हसून दाखवी, पण पुढच्या सभेला त्याच्या गालातला ज्येष्ठमध जरा मोठा असे.

सगळ्यांत जास्त वेळा बोट भेटले ते लांजेवारला. सुखदेव लांजेवार तुमसरकडचा. रिव्हेटच्या टोळीत होता. रुंद छातीचा, लहान डोळ्यांचा, गळ्यात कायम एक चौकड्याचा दुपट्टा. लहानपणापासून गावच्या दंडारीच्या खेळाला बसलेला, रात्ररात्र सोंगे पाहिलेला आणि सोंगाला ओरडून शाबासकी दिलेला हा माणूस. पहिल्या सभेला तबलजी हातोडीने तबला नुसता सुरात लावत होता, तेव्हाच हा मागून खणखणीत आवाजात म्हणाला, “वा रे महाराजा! काय ठोकून राहिला!” हॉल फुटल्यासारखा हसला. तबलजीसुद्धा हसला. बाई हसल्या नाहीत. मग आलापी चालू असताना, गायक एका स्वरावर नुसता विसावला होता तेव्हा, याने पुन्हा “वाऽऽ” केले.

बाईंनी हात वर करून गाणेच थांबवले. पाहुण्या गायकाचे गाणे! हॉलमध्ये पंख्यांचा आवाज तेवढा उरला.

“उभे राहा,” बाई म्हणाल्या. लांजेवार उभा राहिला. “आता जे ‘वा’ म्हणालात, ते कशाला म्हणालात, सगळ्यांना सांगा.”

“कशाले म्हंजे, बाई?” तो भांबावला. “मले चांगलं वाटलं, तं निघालं तोंडातून.”

“काय चांगलं वाटलं? स्वर कोणता होता?”

“थे मले काय मालूम? आमच्या गावात तं गानाऱ्याले म्हनाच लागते, बाई. नाही म्हटलं तं त्याले वाटते, सारे झोपले.”

“हे गाव नाही,” बाई म्हणाल्या. आवाज शांत, जवळजवळ प्रेमळ. “बैलाला हाकतात तसं गाण्याला हाकायचं नसतं. तुम्हाला जे चांगलं वाटेल ते घरी घेऊन जा आणि तिथे वाटू द्या. बसा.”

पुढच्या रांगांतून हशा आला. साहेबांचा, साहेबांच्या बायकांचा, बारीक आणि सुशिक्षित. या हशाला मात्र बोट भेटले नाही. लांजेवार बसला. त्याच्या कानांच्या पाळ्या विटेसारख्या तांबड्या झाल्या होत्या. मला वाटले, हा आता येणार नाही. तो पुढच्या सभेला आला आणि गळ्यातला दुपट्टा काढून त्याचे टोक दातांत धरून बसला. त्यानंतर प्रत्येक सभेला तो तसाच बसे. गाणे रंगू लागले की त्याचा जबडा त्या कापडावर घट्ट होत जाई आणि कपाळाची शीर फुगे. बाईंनी एकदा मला ते कौतुकाने दाखवले. “बघ, माणूस घडतो. फक्त लाज वाटायला लावावी लागते.”

स्वतःच्या नवऱ्यालाही त्यांनी सूट दिली नव्हती. उलट त्याला तर आतच घेतले नव्हते. श्रीधरपंत सिमेंटच्या गोदामावर कारकून होते. दिवसभर त्या करड्या धुळीत उभे राहून त्यांच्या छातीत जणू एक लहानसे गोदामच भरले होते. खोकला यायचा तो आधी दूरच्या मालगाडीसारखा आणि मग अंगावरून गेल्यासारखा. ज्येष्ठमधाने त्या खोकल्याला काहीही होत नसे. म्हणून सभा असली की हॉलच्या बाहेर, सायकली लावायच्या जागेजवळ, खिडकीखाली एक लाकडी स्टूल ठेवलेले असे. श्रीधरपंत तिथे बसत. थंडीत मफलर गुंडाळून, उन्हाळ्यात डोक्यावर ओला रुमाल टाकून.

“काय पंत, आत नाही का?” येणारे जाणारे विचारत.

“आमची जागा राखीव आहे,” ते म्हणत. “आतला दरबार विद्वानांचा. आम्ही बाहेरच्या दरबारातले. इथे हवा येते, सायकलींवर लक्ष राहतं, आणि गाणं फुकट.” मग खोकला यायचा, आणि ते घाईघाईने उठून तो दूर, मैदानाच्या टोकाशी घेऊन जात, एखादे रडणारे मूल बाहेर नेतात तसे.

खरोखरीचे रडणारे मूलही एकदा बाहेर आले होते. एका वेल्डरची बायको, अंगावर पिणारे पोर घेऊन बसलेली. पोराने गाण्यात मध्येच कुरकुर केली. तिने पदराआड घेतले, तरी चुपचुप आवाज येत राहिला. बाई उठल्या, तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि दाराकडे बोट दाखवले. मे महिन्यातली सकाळ होती. पत्र्याच्या हॉलबाहेर उन्हाचा नुसता पांढरा जाळ. ती उठताना पट्ट्यांनी करकचलेल्या मनगटांमुळे पोर नीट उचलता येईना. कुणी हात दिला नाही, कारण हात दिला असता तर आवाज झाला असता. खिडकीतून मला दिसले. श्रीधरपंतांनी आपले स्टूल तिला दिले होते, डोक्यावरचा ओला रुमाल पोराच्या डोक्यावर टाकला होता आणि स्वतः भिंतीच्या वीतभर सावलीत पाठ चिकटवून उभे होते. आतले गाणे ऐकू येत होते म्हणून ते मानेने ठेका धरत होते. त्या बाईला पुढे कधी हॉलमध्ये पाहिले नाही. वाटेत वत्सलाबाई दिसल्या की ती रस्ता ओलांडून पलीकडे जाई.

हे सारे कशासाठी, हे मला एका दुपारी कळले. शाळा सुटल्यावर बाई तंबोऱ्याच्या तारा पुसत होत्या. मलमलीचे फडके, खोबरेल तेलाचा पुसट वास, आणि तारेवरून फडके फिरले की निघणारी ती उसाशासारखी कुजबुज. एरवी स्वतःबद्दल न बोलणाऱ्या बाई त्या कुजबुजीच्या आडून बोलल्या. लग्नाआधी त्या नागपूरला मामांकडे राहून एका बुवांकडे शिकत होत्या. बुवांचे नाव मोठे होते, रागही मोठा होता. एक दिवस त्या गात असताना बुवांनी पुढे होऊन तंबोऱ्याच्या तारांवर हाताचा पंजा ठेवला. आवाज जागच्या जागी मेला.

“म्हणाले, वत्से, तुझ्या गळ्यात काही उतरत नाही. कान मात्र देवानं दिलेत. जा, ऐक.” बाईंनी फडके घडी केले. “मी तेव्हापासून गायले नाही. मुलींना पेटीवर शिकवते, तेवढंच. पण ऐकणं काय असतं, ते मी त्यांना दाखवणार आहे. एकदा बुवा इथे येतील. पाहतील, त्यांच्या वत्सीनं या धुळीत केवढं ऐकणारं गाव उभं केलं.”

एका मुलीला घरी पाठवताना गुरूच्या तोंडून समजुतीचे दोन शब्द गेले असतील. बाईंनी त्यांवर आयुष्य बांधले होते, आणि त्या बांधकामाला लागलेला चुना आमच्या साऱ्यांच्या जिभांवरून खरवडून घेतला होता.

त्यांच्यापुढे नमुना होता तो रशियन पाहुण्यांचा. कारखाना उभारायला आलेल्या रशियन तज्ज्ञांना सभेत मानाने बसवत. त्यांतली एक गोरी, भरदार, निळ्या डोळ्यांची बाई नेहमी येई. दोन्ही हात मांडीवर, पाठ सरळ, पापणीही न हलवता ती तासन्‌तास बसे आणि गाणे संपले की उभी राहून एका लयीत टाळ्या वाजवी. बाईंना ती देवीसारखी वाटे. “पाहा! परमुलखातून आलेली बाई. तिला समजतं ते तुम्हाला समजत नाही?” हळूहळू आम्ही सारे तिच्यासारखे बसू लागलो. मध्ये ‘वा’ नाही, मान डोलावणे नाही, मांडीवर ठेका नाही. शेवटी उभे राहून एका लयीत टाळ्या.

एकदा तिच्या दुभाष्याने, एका हसऱ्या दिल्लीवाल्या पोराने, बाईंना सहज सांगितले, “मॅडम कह रही हैं, हमें कुछ समझ में नहीं आता, इसीलिए चुप बैठते हैं. कब क्या करना है, आप लोगों को देखकर सीखेंगे.”

मी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिले. तिथे काहीही हलले नाही. “नम्रता आहे त्यांची,” त्या म्हणाल्या.

शेवटी बुवा आले. हिवाळ्यातली रविवारची सकाळ होती. मैदानावर धुके आणि धूर यांचे एकच पांघरूण पडलेले. दुर्ग स्टेशनावर बाई स्वतः गेल्या होत्या, मलाही नेले होते. गाडीतून उतरलेले बुवा पाहून मला धक्का बसला. केसांना काळा रंग, गालांची कातडी सैल, गळ्याभोवती दोन मफलर. हात धरून चढवावा आणि उतरवावा लागणारा मोठेपणा. टांग्यात बसताना त्यांनी विचारले, “लोक कसे आहेत गं तुझे?”

“श्वाससुद्धा ऐकू येणार नाही, बुवा.”

बुवा हसले. “श्वास तरी घेऊ दे गं त्यांना.”

हॉल भरला होता. पट्ट्या बांधून झाल्या, ज्येष्ठमध वाटून झाला. रशियन बाई पहिल्या रांगेत, शेजारी वत्सलाबाई. मागे भिंतीशी लांजेवार, दातांत दुपट्टा. बाहेर खिडकीखाली, मफलरमध्ये, श्रीधरपंत.

बुवांनी तोडी मांडली. आवाज थकलेला होता, पण त्या थकव्याला जुन्या तांब्याचा रंग होता. ख्यालाचा मुखडा घेऊन ते पहिल्यांदा समेवर आले आणि त्यांचा उजवा हात सवयीने श्रोत्यांकडे उघडला, जसा गवयाचा उघडतो, काहीतरी देऊन काहीतरी घेण्यासाठी. हात हवेत तसाच राहिला. समोरून काही आले नाही. शेकडो डोळे, शेकडो गुडघ्यांवर शेकडो हात, आणि प्रत्येकाच्या एका गालात ज्येष्ठमध.

बुवांनी पुन्हा मुखडा घेतला. पुन्हा सम. पुन्हा तो हात. तबलजी हलकेच “वा बुवा” म्हणाला. पण सोबत आणलेल्या माणसाची दाद ती, घरच्या शिदोरीसारखी, तिने पाहुणचाराची भूक भागत नाही. बुवांची नजर चेहऱ्यांवरून फिरू लागली. कुठे एखादी भुवई, एखादी मान, एखादे बोट? ती नजर लांजेवारशी थांबली असेल. त्याच्या डोळ्यांतून घळघळ पाणी वाहत होते, आणि कापड दातांत इतके गच्च होते की तो वेदनेने रडत असावा असे कुणालाही वाटले असते.

मग बुवा घाबरले. मोठा गवई घाबरताना मी तेव्हाच पाहिला. ज्या तानेवर आयुष्यभर टाळ्या मिळाल्या होत्या ती तान त्यांनी वेळेआधीच काढली, तिला वर चढवले, आणि तारषड्जावर आवाज फाटला. दुसऱ्या कुठल्याही मैफलीत त्या फाटलेल्या जागेवर चार जणांनी ‘क्या बात है’ची शाल टाकली असती आणि म्हाताऱ्याची लाज झाकली असती. इथे ती फाट उघडी राहिली. आम्ही सारे तिच्याकडे पाहत बसलो, शिस्तीने. बुवांच्या कपाळावर, त्या थंडीत, केसांचा काळा रंग घामाबरोबर ओघळू लागला.

ते थांबले नाहीत. आवाज खाली आणला, जवळजवळ बोलण्याइतका. कोमल धैवतावर आले, तिथून पंचमाकडे न जाता पुन्हा धैवताकडेच वळले, जसे कुणी दारापर्यंत जाऊन परत फिरते. त्यात दाखवण्यासारखे काही नव्हते. तो एक म्हातारा माणूस होता, आणि ते खरे होते. माझ्या बांधलेल्या मनगटांवर काटा आला.

आणि खिडकीबाहेरून आवाज आला, “वा बुवा! वा!” पाठोपाठ खोकला.

बुवांचा चेहरा उजळला. मान झटकन खिडकीकडे वळली, तहानलेली माणसे वळवतात तशी. ओठांवर हसू आले. खिडकीकडे त्यांनी तो उघडा हात केला.

आणि पहिल्या रांगेत वत्सलाबाईंची तर्जनी उभी राहिली.

त्यांनी विचार केला नसावा. इतक्या वर्षांच्या सवयीने बोट आपले आपणच गालाशेजारी गेले आणि खिडकीकडे वळले. बाहेरचा खोकला अर्ध्यावर गिळला गेला. तो गिळल्याचा आवाजही आम्हांला ऐकू आला, एवढी शांतता होती.

बुवांनी त्या बोटाकडे पाहिले. मग मागे बसलेल्या शिष्याच्या तंबोऱ्यावर हात नेला आणि तारांवर पंजा ठेवला.

“वत्से,” ते म्हणाले, “मी तुला ऐक म्हटलं होतं. तू तर भिंती बांधल्यास. भिंतींपुढे मी घरी रोज गातो.”

ते हळू बोलले होते. पण मागच्या रांगेपर्यंत शब्द न्‌ शब्द पोहोचला. आणि मग, तंबोरा थांबला म्हणजे गाणे संपले असे समजून, ती रशियन बाई उठून उभी राहिली आणि टाळ्या वाजवू लागली. तिच्या मागोमाग सारा हॉल उठला. ज्यांनी शब्द ऐकले होते तेही उठले. शिकवलेले तेच होते. एका लयीत, एका तालात, पट्ट्या बांधलेल्या हातांनी आम्ही टाळ्या वाजवत राहिलो, आणि त्या टाळ्यांखाली बुवा कुणाच्या तरी खांद्याचा आधार घेऊन उठण्याची धडपड करत होते.

ते जेवलेही नाहीत. दुपारच्या गाडीने परत गेले. बाई त्यांना पोचवायला निघाल्या तेव्हा बुवा शिष्याला म्हणाले, “तिला नको आणू.” त्या हॉलमध्ये परतल्या आणि स्त्रियांच्या मनगटांवरच्या पट्ट्या एकेक सोडवून परडीत ठेवू लागल्या. माझी पट्टी सोडताना मला म्हणाल्या, “बुवांचं वय झालं. गळा राहिला नाही.”

श्रीधरपंत दारात उभे होते. हातात स्टूल. “माझंच चुकलं,” ते म्हणाले. “निघून गेलं तोंडातून. मी बोलायला नको होतं.”

“हो,” बाई म्हणाल्या.

तेवढेच. मी आयुष्यात पुष्कळ निष्ठुर शब्द ऐकले आणि वाचले. त्या एका अक्षराइतके धारदार पाते मला पुढे कुठे दिसले नाही. पंतांनी मान डोलावली, जणू समेवर आल्यासारखी, आणि स्टूल भिंतीशी नेऊन ठेवले.

पंतांनी तो हिवाळा काढला नाही. त्यांच्या क्वार्टरात रडायला जमलेल्या नातेवाइकांतली एक म्हातारी मोठ्याने हंबरडा फोडू लागली, तेव्हा बाईंनी तिच्याकडे नुसते पाहिले आणि ती गप्प झाली. नंतर मी सांत्वनाला गेले तेव्हा रेडिओवर संध्याकाळचे गाणे लागले होते. पूर्वी या वेळी पंत खोकला घेऊन मागच्या अंगणात जात. अंगणाचे दार अजून त्या सवयीने उघडे होते. बाई रेडिओसमोर ताठ बसल्या होत्या. कुणाचाही अडथळा नव्हता. गाणे स्वच्छ, पूर्ण, काचेसारखे ऐकू येत होते. बाईंनी मध्येच हात पुढे करून ते बंद केले.

सभा त्यांनी सोडली. त्यांचीच एक शिष्या, सुमती, आता दारात उभी राहू लागली. पट्ट्या त्याच, परड्या त्याच, बोटही तसेच गालाशेजारी. बुवांच्या सकाळीतून गाव काही शिकले असेल असे मला वाटले होते. पण शिस्त एकदा अंगी बसली की तिला कारण लागत नाही.

मी भिलाई सोडली त्या वर्षीची गोष्ट. संध्याकाळ होती, भट्टीतली धातूची तापती मळी ओतली जात असावी, कारण कारखान्याच्या बाजूचे आभाळ एकाएकी तांबडे होऊन पुन्हा काळवंडत होते. हॉलमध्ये कुणी तरुण गायक पूरिया गात होता. सायकलींच्या रांगेजवळ, खिडकीखालच्या त्या स्टुलावर वत्सलाबाई बसल्या होत्या. पांढरे लुगडे, उघडी मनगटे; निजवायला आता बांगड्या नव्हत्या. दारात लांजेवार उभा होता, दुपट्टा खांद्यावर.

“आत या न, बाई,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “जागा हाय समोर.”

“नको. इथून बरं ऐकू येतं.”

“रोजच असं म्हनते,” तो माझ्याकडे वळून पुटपुटला. “थंडी लागून राहिली, तरी आत नाही येत.”

आतला मुखडा समेकडे येऊ लागला. बाईंची मान वर झाली. त्यांच्या बोटांत चाळवाचाळव सुरू झाली, ओठ विलग झाले, आणि त्या म्हणाल्या, “वा!”

कधी न वापरलेला आवाज होता तो. कोरडा, फार मोठा, आणि समेच्या जरा आधीच पडलेला. देवाने ज्यांना कान दिले होते त्या बाईंचा! आत एकही मान वळली नाही. खिडकीत मात्र सुमती आली. तिच्या मनगटावर पांढरी पट्टी होती. अंधारात तिने आधी गालाशेजारी बोट उभे केले. खाली कोण बसले आहे हे तिला दिसले नसावे; किंवा दिसलेही असेल. मग तिने दोन्ही झडपा, आवाज होऊ न देता, आतून लावून घेतल्या.

वत्सलाबाईंनी दोन्ही हात उचलून गुडघ्यांवर ठेवले, पाठ सरळ केली, आणि त्या बंद खिडकीकडे तोंड करून ऐकत राहिल्या.